पुरावा कशाला म्हणायचं? संप्रदायांचा पेपर आणि पुढची वाट

पत्र: मी मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला समुपदेशक व्हायचं आहे. या सत्रात ‘मानसशास्त्राचा इतिहास आणि संप्रदाय’ हा पेपर आला आणि माझा उत्साहच मावळला. वुंट, टिचनर, वॉटसन, कोहलर... नावं आणि सनावळ्या पाठ करते, आठवड्यात विसरते. जे सिद्धांत आता कुणी मानत नाही ते शिकून मी माणसांना मदत कशी करणार? आणि पुढे मुलाखतीत ‘तू कोणत्या संप्रदायाची?’ असं विचारलं तर काय सांगू? आई म्हणते, आवडत नसेल तर विषय बदल.

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

विषय बदलायचा की नाही, हा प्रश्न तूर्त दोन आठवडे बाजूला ठेव. तुझ्या पत्रात मला मानसशास्त्राची नावड दिसत नाही, सनावळ्यांचा कंटाळा दिसतो, आणि तो रास्त आहे. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत हे संप्रदाय, म्हणजे मानसशास्त्रातल्या विचारधारा, राजघराण्यांसारखे मांडलेले असतात: रचनावाद गेला, कार्यवाद आला, मग वर्तनवाद गादीवर बसला. तसं झालेलं नाही. १९१२ साली समष्टिवादी वेर्टहायमरचा भासमान गतीवरचा, म्हणजे जागच्या जागी असलेली गोष्ट सरकताना का दिसते यावरचा, निबंध आला. १९१३ साली वॉटसनने वर्तनवादाची भूमिका छापली, त्याच वर्षी मनोविश्लेषणातले फ्रॉइड आणि युंग यांची फारकत झाली, आणि तेव्हा टिचनर कॉर्नेल विद्यापीठात रचनावाद, म्हणजे मनाची मूळ घटकांत फोड करणं, शिकवतच होता. सगळे समकालीन. त्यांच्यातला मूळ मतभेद एकच होता: मनाबद्दल काही विधान करायचं, तर पुरावा म्हणून काय धरायचं? प्रत्येक संप्रदायाला हाच प्रश्न विचारत गेलीस तर सनावळ्या आपोआप जागेवर बसतील. तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघेल.

वुंटने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली, हे तुला पाठ आहेच. तिथे चालायचं काय, ते बघ. मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राचे, ठोके ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याने त्याच क्षणी स्वतःला काय जाणवलं ते सांगायचं. हे अंतर्निरीक्षण. टिचनरने ते आणखी कडक केलं. समोरच्या टेबलाकडे बघून ‘टेबल’ म्हणालीस की चूक. तपकिरी रंगाची अमुक छटा, तिचा उजळपणा, कडेची रेषा, एवढंच सांगायचं. वस्तूचं नाव घेण्याला तो ‘उद्दीपक-दोष’ म्हणायचा. म्हणजे पुरावा हा, की प्रशिक्षित निरीक्षकाचं स्वतःच्या संवेदनांविषयीचं निवेदन.

हे कोसळलं कुठे? वुर्झबुर्गला क्युल्पेच्या प्रयोगशाळेत लोकांना दोन वजनांची तुलना करायला सांगितली, तेव्हा निरीक्षक म्हणाले, ‘कुठलं जड ते कळलं, पण मनात कुठलीही प्रतिमा आली नाही.’ टिचनरचे निरीक्षक म्हणत, प्रतिमा असतेच. दोन्ही बाजू प्रशिक्षित, दोन्ही प्रामाणिक. खरं कोण, हे ठरवायला तिसरं साधन नव्हतं. वॉटसनने १९१३ मध्ये नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं: भौतिकशास्त्रात निष्कर्ष जुळला नाही तर दोष प्रयोगाच्या मांडणीत शोधतात, इथे मात्र ‘तुमचा निरीक्षक नीट शिकलेला नाही’ असं म्हणतात. म्हणून त्याने पुरावा धरला तो फक्त बाहेरून दिसणारं वर्तन. वर्तनवाद का आला, यावर दहा गुणांचं उत्तर लिहायचं असेल तर हा एवढा प्रसंग नीट मांड.

इथे हमखास होणारी एक चूक सांगते. वुंटला सरसकट ‘रचनावादाचा जनक’ म्हणून टाकतात. रचनावाद हे नाव आणि तो कडवेपणा टिचनरचा. वुंटने आयुष्याची अखेरची वीसेक वर्षं भाषा, मिथकं आणि रूढी यांवरच्या दहा खंडांना दिली, कारण उच्च मानसिक प्रक्रिया प्रयोगशाळेत पकडता येत नाहीत असं त्याचं मत होतं.

कार्यवादावर मी फार रेंगाळत नाही. विल्यम जेम्स, ड्युई, एंजल यांचा प्रश्न होता: मन कशाचं बनलंय हे राहू द्या, ते कशासाठी चालतं? या प्रश्नामुळे मानसशास्त्र शाळेत, कारखान्यात, दवाखान्यात गेलं. विटमरने १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं ते याच वातावरणात. तुझ्या व्यवसायाचं मूळ तिथे आहे, एवढं लक्षात ठेव.

वर्तनवाद मात्र सावकाश वाच. ‘आता कुणी मानत नाही’ हे तुझं वाक्य इथे सर्वांत जास्त चुकतं. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती काढली नाही. आज असा प्रयोग नीतीत बसणार नाही. पुस्तकं इथेच थांबतात. पुढचं पान १९२४ चं आहे. मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. मूल खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि मूल शांत राहील त्या बेताने थोडा थोडा जवळ आणायचा. घाईने एकदम जवळ आणला तर खाण्याचा आनंद सशाला चिकटण्याऐवजी सशाची भीतीच खाण्याला चिकटते. वोल्पीने १९५८ मध्ये हीच कल्पना पद्धतशीर रूपात मांडली. भीतीवर काम करणारा समुपदेशक आजही भीतीची शिडी करतो: कमीत कमी त्रासदायक प्रसंग तळाला, सर्वांत भयंकर वर, आणि एक पायरी निवल्याशिवाय पुढची नाही.

वर्तनवादी स्किनरचं प्रबलनही, म्हणजे परिणामामुळे वर्तन वाढणं, तसंच रोजच्या कामाचं. पालक सांगतात, ‘रडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करून बघितलं, उलट रडणं वाढलं.’ ते वाढणारच. नेहमीचं प्रबलन थांबलं की वर्तन आधी उसळतं, मग ओसरतं. पालक नेमके त्या उसळीच्या टोकाला हात टेकतात आणि मूल शिकतं की आणखी जोरात रडलं की मिळतं. हे आधीच सांगून ठेवलं नाहीस तर तुझा सल्ला बरोबर असूनही फसेल. आणि ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे, हे पक्कं कर. गोळी घेतल्यावर डोकेदुखी थांबते म्हणून पुढच्या वेळी गोळीकडे हात जातो, हे ऋण प्रबलन. नकोशी गोष्ट जाते आणि वर्तन वाढतं. शिक्षेने वर्तन घटतं.

वर्तनवादाला तडा त्याच्याच घरातून गेला. टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० साली उंदरांचे तीन गट एकाच भूलभुलैयात सोडले. पहिल्याला शेवटी रोज खाणं, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. तिसऱ्या गटाच्या चुका दहा दिवस फारशा कमी झाल्या नव्हत्या. खाणं मिळाल्यावर त्या एकदम घसरून पहिल्या गटाच्या बरोबरीला आल्या. म्हणजे बक्षिसाशिवायही उंदीर वाट शिकत होते, दाखवत नव्हते. डोक्यात काहीतरी नकाशासारखं आहे, हे मान्य करावं लागलं. त्यानंतर १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने स्किनरच्या भाषाविषयक मांडणीची चिरफाड केली. त्याआधी १९५६ साली मिलरचा, माणूस एका वेळी साधारण सात अधिक-उणे दोन गोष्टी लक्षात ठेवू शकतो असं मांडणारा, निबंध आला होता आणि १९५८ साली ब्रॉडबेंटचं अवधानावरचं काम. बोधनिक (कॉग्निटिव्ह) मानसशास्त्र उभं राहिलं ते असं. त्याने पुन्हा मनाकडे मोर्चा वळवला, पण पुरावा बदलला. माणसाला ‘काय जाणवलं’ असं विचारण्याऐवजी त्याला किती मिलिसेकंद लागले आणि किती चुका झाल्या, हे मोजून आत काय घडलं असेल याचा अंदाज बांधायचा.

समष्टिवादासाठी, म्हणजे गेस्टाल्ट संप्रदायासाठी, एकच आकडेवारी लक्षात ठेव. दोन रेषा एकापाठोपाठ झळकवल्या आणि मध्ये साधारण २०० मिलिसेकंद ठेवले तर एकीनंतर दुसरी दिसते. ३० ठेवले तर दोन्ही एकदम दिसतात. ६० च्या आसपास एकच रेषा सरकताना दिसते. सरकणं त्या दोन्ही रेषांत कुठेच नाही, तरी ते दिसतं. म्हणून ‘समष्टी ही घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त असते’ असं न लिहिता ‘वेगळी असते’ असं लिही. याच संप्रदायातल्या कोफ्काचा आग्रह याच शब्दावर होता. आणि समष्टिवादी मानसशास्त्र व पर्ल्सची गेस्टाल्ट उपचारपद्धती यांत फक्त नावाचं साम्य धरून चाल. परीक्षेत ही गफलत फार होते.

फ्रॉइड प्रयोगशाळेतून आलेला नव्हता, डॉक्टर होता. त्याचा पुरावा म्हणजे रुग्णाचं बोलणं, स्वप्नं, बोलताना झालेल्या चुका. यात एक अडचण आहे. रुग्णाने अर्थ मान्य केला तर सिद्धांत खरा, आणि नाकारला तर तो ‘प्रतिरोध’, म्हणजे पुन्हा सिद्धांत खराच. चुकीचं ठरायची वाटच बंद. याच परंपरेत तयार झालेल्या बेकने, सिद्धांत सांगत होता त्याप्रमाणे, खिन्नतेच्या रुग्णांच्या स्वप्नांत स्वतःवर वळलेला राग शोधला. त्याला सापडले हानीचे आणि अपयशाचे विषय. त्याने पुराव्यापुढे सिद्धांत सोडला, आणि त्यातून विचार तपासून बदलण्याची बोधनिक उपचारपद्धती उभी राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत शिकण्यासारखं पान आहे.

मानवतावाद, म्हणजे माणसाच्या वाढीच्या क्षमतेवर भर देणारा संप्रदाय, म्हटलं की सगळे मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड काढतात. १९४३ च्या त्याच्या निबंधात पिरॅमिड नाहीच. तुझ्यासाठी याच संप्रदायातला रॉजर्स जास्त महत्त्वाचा. त्याने समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ साली एका पूर्ण उपचाराचं शब्दशः लेखन छापलं. समुपदेशकाने खोलीत प्रत्यक्षात काय केलं, हे प्रथमच इतरांना तपासता आलं.

आता तुझ्या कामाचं. प्रत्येक संप्रदायाला एक कार्ड कर आणि त्यावर पाच गोष्टी लिही: त्यांचा प्रश्न, त्यांचा पुरावा, एक प्रयोग किंवा प्रकरण तपशिलासह, कुठे अडलं, आज त्यातलं काय वापरात आहे. सन एकच लिही, त्या प्रयोगाचा. नावांची जंत्री नको.

मग दोन गोष्टी स्वतः करून बघ. पहिली, स्मृतीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसची, १८८५ सालची. ‘ठेब, झेळ, मौघ’ अशी १३ निरर्थक अक्षरजुळणी कागदावर लिही. न चुकता दोनदा म्हणता येईपर्यंत किती वाचनं लागली ते मोज. चोवीस तासांनी तीच यादी पुन्हा पाठ कर. आधी २० लागली आणि आता १३, तर बचत ७ भागिले २०, म्हणजे ३५ टक्के. एबिंगहाउसला एका दिवसानंतर साधारण ३४ टक्के बचत मिळाली होती. तुझा आकडा फारच वर गेला तर बहुधा अक्षरांना तू मनात अर्थ चिकटवलास, किंवा दिवसभरात उजळणी झाली. थांबण्याचा निकष दोन्ही दिवशी सारखा ठेव, तिथेच बहुतेकांचं बिघडतं. आठवड्यात नावं का विसरतेस, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे: गळती पहिल्या दिवशीच सर्वाधिक होते, म्हणून पहिली उजळणी चोवीस तासांच्या आत हवी.

दुसरी गोष्ट रॉजर्सची. मैत्रिणीच्या परवानगीने दहा मिनिटांचं बोलणं मुद्रित कर. विषय तिच्या एखाद्या छोट्या अडचणीचा असू दे, खोल जखमेचा नको. मग शब्दन् शब्द उतरव आणि तुझ्या प्रत्येक वाक्यापुढे खूण कर: प्रश्न, सल्ला, की तिचंच म्हणणं समजून परत मांडणं. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या कागदावर प्रश्न आणि सल्लेच भरलेले असतात. मग पुन्हा दहा मिनिटं घे, आणि या वेळी सल्ला एकही द्यायचा नाही.

या दोनपैकी कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, ते नोंदव. लोक शाखा निवडतात ती नावावरून. मी म्हणेन, पुराव्यावरून निवड. मोजणं, निकष, आकडे यांत रमलीस तर बोधनिक संशोधन किंवा मानसशास्त्रीय चाचण्यांकडे बघ. मुलांचं वर्तन बारकाईने नोंदवायला आवडलं, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं, तर विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबरचं वर्तनविषयक काम आहे. आणि त्या शब्दशः कागदावर तासभर मान खाली घालून बसलीस, तर समुपदेशन. त्यासाठी पदवी पुरत नाही, हेही आईला सांग. पुढचं शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेलं काम लागतं. त्याआधी कुणावर उपचार करायला बसू नकोस.

मुलाखतीत ‘कोणत्या संप्रदायाची?’ असं विचारलं तर ‘सगळ्यांतलं थोडं थोडं घेते’ हे उत्तर देऊ नकोस. ते गुळमुळीत आहे आणि पुढचा प्रश्न तुला अडकवेल. एक प्रसंग घेऊन बोल: परीक्षेच्या भीतीने आलेला मुलगा असेल तर आधी त्याचं नीट ऐकून घेईन, टाळाटाळीने भीती कशी पोसली जाते ते दाखवेन, भीतीची शिडी करेन, ‘मी नापासच होणार’ हा विचार त्याच्याबरोबर तपासेन, आणि दर आठवड्याला भीती शून्य ते दहा या मापावर नोंदवून घेईन. त्यात रॉजर्स, स्किनर, जोन्स आणि बेक चौघेही आले, आणि काम होतंय की नाही ते कळायची सोयही आली. तीन-चार आठवड्यांत आकडा हलला नाही तर काय बदलशील, याचं उत्तरही तयार ठेव.

दोन आठवड्यांनी कार्डं आणि तो शब्दशः कागद घेऊन आईबरोबर बस, आणि विषयाचं तेव्हा ठरव. मैत्रिणीचं मुद्रण मात्र त्याआधी पुसून टाक, आणि कागदावर तिचं नाव ठेवू नकोस.