नव्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं?

लॅपटॉप नवाकोरा आहे आणि उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नावाआधी कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, किती ताजा आहे ते बघा. वायफाय, टचपॅड, ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर (हे भाग चालवणारे प्रोग्राम) बहुतेक कर्नलमधूनच येतात. मशीन यंदाचं आणि कर्नल दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर वायफायची यादीच रिकामी दिसू शकते. म्हणून अगदी नव्या चिपसाठी मी फेडोरा सुचवेन. त्यात दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातही कर्नल पुढे सरकत राहतो. मात्र एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे वर्षाकाठी एक अपग्रेड आलंच. ते नको असेल तर उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती, घ्या, ५ वर्षं निर्धास्त. विंडोजचा हात बसलेला असेल तर मिंट.

काहीही घ्या, पण इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून बघाच. वायफाय जोडा, स्पीकरवर आवाज ऐका, मग झाकण मिटून मिनिटभराने उघडा. स्क्रीन परत येते का? स्लीपमधून न उठणारा लॅपटॉप रोज छळतो, त्यामुळे ते इथेच कळलेलं बरं. आणि विंडोजही ठेवणार असाल, तर बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.