आपण आकाशगंगेच्या आतच आहोत, तर ती पट्ट्यासारखी का दिसते? मुंबईहून कधी आणि कुठे जाऊन पाहावी?

आकाशगंगा म्हणजे चपटी तबकडी. व्यास साधारण 1 लाख प्रकाशवर्षे, जाडी जेमतेम 1 हजार. सूर्य तिच्यातच आहे, केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर. तबकडीच्या पातळीत कुठेही पाहिलं की नजरेच्या रेषेत तारेच तारे येतात, त्यांचा पट्टा दिसतो. वरखाली पाहिलं की तारे लवकर संपतात. तिचा सर्पिल आकार, म्हणजे केंद्राभोवती वळत गेलेले ताऱ्यांचे फाटे, दिसायला तबकडीबाहेर जावं लागेल.

पण रचना या पट्ट्यातही वाचता येते, आणि मला तेच सगळ्यात सुंदर वाटतं. वृश्चिकाची नांगी आणि धनू राशीतली किटलीच्या आकाराची ताऱ्यांची आकृती यांच्यामध्ये पट्टा सर्वांत रुंद आणि उजळ, कारण केंद्र त्याच दिशेला आहे. बरोबर उलट दिशा वृषभ आणि सारथी या तारकासमूहांच्या सीमेवर येते, म्हणून हिवाळ्यातला पट्टा फिका. हंस तारकासमूहापासून गरुडातून धनूकडे जाताना तो मधोमध चिरलेला दिसतो. तिथे तारे कमी नाहीत, वाटेतल्या धुळीने मागचा प्रकाश अडवलाय. केंद्रही या धुळीमुळेच डोळ्यांना दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींना केंद्र दिसतं ते त्यामुळे. किटलीच्या तोटीवर, हात लांब करून तीन बोटांच्या रुंदीएवढ्या अंतरावर अंधुक ठिपका दिसेल. तो लगून तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, केंद्राच्या बाजूच्या शेजारच्या सर्पिल फाट्यातला.

खुद्द मुंबईतून पट्टा दिसत नाही. आकाश पाहणाऱ्यांच्या नेहमीच्या वांगणीतही (बदलापूरजवळ) आता उजेड वाढलाय; मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेने जा. एप्रिलमध्ये पहाटे 3 ते 5 ही वेळ उत्तम. केंद्र आग्नेयेकडून चढत दक्षिणेला येतं, क्षितिजापासून 42 अंशांपर्यंत. ऑक्टोबरात ते संध्याकाळी नैऋत्येला उतरलेलं असतं, म्हणजे नेमकं नवी मुंबईच्या उजेडात.

बरेच जण मे महिन्यात रात्री दहाला पाहतात आणि निराश होतात. तेव्हा पट्टा चहूबाजूंनी क्षितिजालगत पसरलेला असतो. दुसरी चूक तिथीची. पहाटेसाठी अमावास्या ते शुद्ध षष्ठी निवडा, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळलेला असतो. वद्य पक्षात बहुतेक दिवस तो पहाटे आकाशात असतो आणि त्याच्या उजेडात पट्टा बुडून जातो. डोळे अंधाराला सरावायला किमान 20 मिनिटं लागतात. टॉर्चला लाल कागद लावा आणि फोन बंद ठेवा, स्क्रीनकडे एकदा पाहिलं तरी पुन्हा तेवढाच वेळ थांबावं लागतं.