प्लेट परत काढायची, तर बसवायचीच कशाला?

"ताई, एकदा कापून भागत नाही का? हा धंदा तर नाही ना?" दिंडोरीकडचे बेचाळिशीचे द्राक्षबागायतदार गळपट्टी सावरत विचारत होते. ऑगस्टच्या शेवटी मोटारसायकल घसरून हासळीचं हाड खांद्याजवळ मोडलं होतं. फाइलवर लिहिलं होतं, 'नीर टाइप २, हूक प्लेट', म्हणजे अस्थिबंध सुटलेला मोड आणि त्यावर टोकाला आकडा असलेली प्लेट. नाशिकच्या आमच्या टेबलावर हा प्रश्न फार येतो.

मी समुपदेशक, सर्जन नाही. पण एक्स-रे समोर धरून एवढं दाखवता येतं: हासळीला खाली बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटले की आतला तुकडा वर उचलला जातो आणि हात त्याच्या वजनाने बाहेरचा तुकडा खाली ओढतो. असं हाड बरेचदा आपोआप जुळत नाही. वयस्कर माणसाचं न जुळलेलंही फारसं दुखत नाही, त्यामुळे त्यांना कधी कधी गळपट्टीवरच ठेवतात. मांडवाखाली हात वर करून छाटणी करणाऱ्याचं मात्र वेगळं.

बाहेरचा तुकडा पुरेसा मोठा असला तर लॉकिंग प्लेटचे (जिच्यात स्क्रू घट्ट अडकतात) छोटे स्क्रू त्यात धरतात. काही वेळा हासळी खालच्या हाडाला बटण आणि मजबूत दोऱ्याने बांधतात, नुसत्या त्यांनीच किंवा प्लेटच्या जोडीला. या दोन्ही गोष्टी सहसा काढाव्या लागत नाहीत. यांचा तुकडा मात्र बारीक, स्क्रूला पकड नाही. म्हणून हूक. तो खांद्याच्या छताखाली अडकतो आणि हासळी दाबून धरतो. हात वर नेला की छताच्या हाडाला घासतो, राहू दिला तर ते झिजवतो. म्हणून हाड जुळलं की, साधारण ३ ते ६ महिन्यांत, काढायचा. दुसरं ऑपरेशन पहिल्यापासूनच हिशोबात असतं.

ते ऐकून घेत होते, पण चेहरा मोकळा होईना. शेवटी मी विचारलं, "छाटणी कधी?"

"ऑक्टोबरात."

मग कळलं, घोर दुसऱ्या कापण्याचा नव्हता, मजुरीचा होता. खोटा दिलासा मी दिला नाही. कुठलीही प्लेट बसवली तरी या ऑक्टोबरात मांडवाखाली हात वर जाणार नव्हता. छाटणी मजुरांकडूनच.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली. "प्लेट काढायची तारीख डॉक्टरांना विचारा, पण द्राक्षांच्या काढणीच्या आधीची बघा," त्या म्हणाल्या, "व्यापारी दारात असताना हे दवाखान्यात नकोत."