डेटा ‘वाचला’ म्हणजे नक्की काय झालं?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बंद पडलेली हार्ड डिस्क दुरुस्तीला दिली होती. दुकानातल्या मराठी मुलाचा फोन आला, “काकू, डेटा वाचला.” सासूबाई म्हणाल्या, फोटो सुखरूप आहेत. यजमान म्हणाले, मशीनला वाचता आला, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर कोण? आणि यंत्र ‘वाचतं’ म्हणणं हे इंग्रजीचं आंधळं भाषांतर नाही का?

व्याकरण सासूबाईंच्या बाजूने आहे. मराठीत ‘वाचणे’ दोन: पुस्तक वाचण्याचं सकर्मक, जीव वाचण्याचं अकर्मक. भूतकाळात पहिल्याच्या कर्त्याला ‘ने’ लागतो, दुसऱ्याच्या नाही. ‘मुलाने धडा वाचला’, पण ‘मुलगा वाचला’. ‘हेडने डेटा वाचला’ (हेड म्हणजे डिस्कमधला लिहिणारा-वाचणारा भाग) म्हटलं असतं तर वादच नव्हता. हेड गाळला आणि डेटाच कर्ता होऊन बसला. हिंदीत ‘बाँचना’ आणि ‘बचना’ वेगळे राहिले, म्हणून शेजारच्या गिऱ्हाइकाचा असा घोळ होत नाही.

आता यंत्राचं. शब्द उसना असेल, पण चपखल बसलाय. डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीवर ० आणि १ असे शिक्के मारलेले नसतात. लिहिताना हेडच्या इवल्याशा कॉइलमधला प्रवाह उलटा फिरवतात, तशी खालच्या थराची चुंबकीय दिशा उलटते. ढोबळमानाने, दिशा उलटली तर १, तशीच राहिली तर ०. वाचायला वेगळा सेन्सर असतो. चुंबकीय क्षेत्र बदललं की त्याचा विद्युतरोध बदलतो. (अशा सेन्सरची वाट ज्या शोधाने मोकळी केली, त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७चं नोबेल मिळालं.) मिळणारा सिग्नल इतका क्षीण, की बाहेरच्या सर्किट बोर्डापर्यंत पोचेतो गोंगाटात बुडेल. म्हणून तो वाढवणारी प्रीॲम्प चिप आत, हेडच्या दांडीपाशीच बसवतात.

खरी गंमत पुढे. बिट, म्हणजे हे एकेक ० किंवा १, इतके दाटीवाटीने असतात की शेजाऱ्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. बोर्डावरचं सर्किट मग सुटा बिट न पाहता अख्खी ओळ धरतं आणि सर्वांत संभवनीय क्रम कोणता ते ठरवतं. आयबीएमने १९९०मध्ये ही पद्धत डिस्कमध्ये आणली. त्यावर चूक-दुरुस्तीचा हिशेब वेगळाच. होळकर दफ्तरातला मोडी कागद असाच लावावा लागतो: शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, मागच्या-पुढच्या संदर्भावर अक्षर ठरवायचं. याला ‘वाचणे’ नाही तर काय म्हणायचं? कोणी ‘टिपणे’ सुचवतात. त्यात हे अंदाज बांधणं येत नाही.

‘लिहिणे’वर आक्षेप घ्यायचा तर घेता येईल. संस्कृत ‘लिख्’चा जुना अर्थ ओरखडणे, आणि इथे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतो; ओरखडा उठलाच तर तिथलं लिहिलेलं गेलं. पण बॉलपेनने तरी कोण ओरखडतं?

वापरायचं कसं, तर यंत्राचं काम सांगताना ‘वाचता आला’ म्हणा, फायली हाती लागल्या तर ‘शाबूत आहे’. दुकानांतल्या ‘डेटा निकालना’वरून आपण इंदुरात ‘डेटा निघाला’ म्हणतो. पुणेकर नाक मुरडतील, मला मात्र तो आवडतो. डिस्क गेली तरी आतला ऐवज बाहेर आला, हे त्यात नेमकं येतं. फक्त ‘निकल गया’चं ‘निघून गेला’ करू नका, ऐकणारा हाय खाईल.