तांबड्या रक्तपेशीच्या पटलातील लिपिडे आणि प्रथिने आत आहेत की बाहेर, हे कसे ठरवतात?

तांबड्या रक्तपेशीचे पटल इतके पातळ असताना त्यातील कोणते लिपिड किंवा प्रथिन बाहेरच्या अंगाला आहे आणि कोणते आतल्या, हे कशावरून कळते, असे आपण विचारले आहे. आत शिरू न शकणारा एखादा अभिकारक (रासायनिक क्रिया करणारा पदार्थ) बाहेरून लावायचा, कशाकशावर परिणाम झाला ते पाहायचे आणि मग तोच प्रयोग फोडलेल्या पेशींवर करून फरक तपासायचा, ही सगळ्या पद्धतींमागची युक्ती आहे. माझ्या मते यातला दुसरा टप्पा अधिक मोलाचा आहे आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. अखंड पेशीत एखाद्या प्रथिनाला खूण लागली नाही एवढ्यावरून ते आत आहे असे ठरत नाही, कारण तो अभिकारक त्या प्रथिनावर मुळातच चालत नसण्याची शक्यता उरते.

या पेशीत केंद्रक नाही, इतर अंगके नाहीत, म्हणून हाती येते ते फक्त बाहेरचे पटल. थंड, अतिविरल आणि किंचित अल्कधर्मी फॉस्फेट द्रावणात पेशी फुटतात, हिमोग्लोबिन निघून जाते आणि दर धुण्यागणिक तळाचा लाल साका फिकट होत होत जवळजवळ पांढरा होतो. याच रिकाम्या पटलांना ‘घोस्ट’ म्हणतात. नळी तिरकी केली की पातळ साका घसरतो आणि खाली एक घट्ट ठिपका चिकटलेला दिसतो. तो शोषून टाकावाच, कारण त्यात पांढऱ्या पेशींमधून आलेली, प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि ती पुढचे सगळे निकाल बिघडवतात.

प्रथिनांसाठी लॅक्टोपेरॉक्सिडेज हे मोठे विकर वापरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ते प्रथिनातील टायरोसीन या अमिनो आम्लावर किरणोत्सारी आयोडीन बसवते. अखंड पेशीत ही खूण मुख्यतः बँड ३ आणि ग्लायकोफोरिन या प्रथिनांना लागते, तर स्पेक्ट्रिन या आतल्या बाजूच्या प्रथिनाला ती घोस्टमध्येच लागते. या वेळी हिमोग्लोबिनही अवश्य तपासावे. त्यात खूण सापडली तर पेशी गळत होती असे समजावे. बँड ३ चे उदाहरण तर फारच बोलके आहे. बाहेरून कायमोट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर लावले तर त्याचे सुमारे ६० आणि ३५ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन म्हणजे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) दोन तुकडे होतात. बाहेरून लावलेले ट्रिप्सिन हे तसेच दुसरे विकर त्याला तोडत नाही, पण तेच आतल्या बाजूने पोहोचले की पेशीद्रवात लोंबणारा सुमारे ४० किलोडाल्टनचा भाग सुटा होतो. दोन्ही बाजूंनी तुटते, म्हणजे ते पटलाच्या आरपार आहे. आतली बाजू बाहेर केलेल्या बंद पुटिका (पटलाच्या सूक्ष्म पिशव्या) बनवण्याची पद्धत स्टेक आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवली, आणि त्यामुळे हे काम बरेच सुकर झाले. पुटिका खरोखर उलट्या आहेत का, हे ॲसिटिलकोलिनेस्टरेज या पटलावरील विकरावरून कळते: त्याचे क्रियास्थान मूळ पेशीच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे उलट्या बंद पुटिकेत डिटर्जंट घातल्याशिवाय त्याची क्रिया दिसत नाही.

लिपिडांच्या बाबतीत ब्रेचर यांनी १९७२ मध्ये अमिनो गटाला चिकटणाऱ्या अभिकारकाच्या आधारे पटलातील लिपिडांचे बाहेरचा आणि आतला असे दोन थर वेगवेगळे असल्याचे मांडले. १९७३ मध्ये व्हर्कलाय, झ्वाल, व्हान डीनन आणि सहकाऱ्यांनी फॉस्फोलिपेज ही लिपिडे तोडणारी विकरे वापरून प्रमाणे मोजली. त्यांतले एक विकर आपल्या ओळखीच्या नागाच्या विषातले होते! पटलातील चार मुख्य लिपिडांपैकी स्फिंगोमायलिन सुमारे ८२ टक्के आणि फॉस्फॅटिडिलकोलीन सुमारे ७६ टक्के बाहेरच्या थरात, फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमीन जेमतेम २० टक्के बाहेर, आणि फॉस्फॅटिडिलसेरीन जवळजवळ पूर्णपणे आत, असे त्यांना आढळले. लिपिडे तुटत असताना पेशी फुटत नाही ना, हे इथे सतत पाहावे लागते. एकदा फुटली की विकर दोन्ही थरांवर चालते आणि आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

प्रथिन आपली बाजू बदलत नाही, लिपिड मात्र बदलू शकते. फॉस्फॅटिडिलसेरीन एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) खर्चून सतत आत ओढले जाते, हे सेन्यूरे आणि देव्हो यांनी १९८४ मध्ये दाखवले. म्हणून लिपिडांची मापे ताज्या पेशींवरच घ्यावीत. सिकलसेल आजारात फॉस्फॅटिडिलसेरीन काही पेशींच्या बाहेर येते. आज ते शोधायला चमकणारी खूण लावलेले ॲनेक्सिन ५ (त्याला चिकटणारे प्रथिन) आणि फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून तपासणारे यंत्र) पुरेसे असतात. ॲनेक्सिनला कॅल्शियम लागते, त्यामुळे कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए घातलेला एक नमुना सोबत ठेवावा आणि त्यात चमक नाहीशी होते का ते पाहावे. फुटलेल्या पेशी वेगळ्या ओळखून मोजणीतून वगळणेही तितकेच आवश्यक आहे, कारण त्यांच्यात ॲनेक्सिन आतल्या थरालाच जाऊन चिकटते.