जुन्या गाडीची खडखड आणि सहा लाखांचा विमा

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, वय 44, मुक्काम वाई. हातात 72 हजार पगार येतो. गाडी 2012 ची, पेट्रोल, 1 लाख 15 हजार किलोमीटर झालेली. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखडते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, 48 हजार खर्च. त्यापेक्षा साडेदहा लाखांची नवी घ्यावी का? जुनीचे 70 हजार येतील, 8 लाखांचं कर्ज मंजूर आहे, उरलेले 1 लाख 80 हजार 2020 ची विमा पॉलिसी मोडून भरीन. 13 हजारांचा हप्ता ओढूनताणून बसेल. आठव्या वेतन आयोगाचा फरक आला की कर्ज संपवून टाकीन.

उत्तर: सर, नवी गाडी घेऊ नका. 8 लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं, म्हणजे एकूण फेड 11 लाख. जुनीवर 48 हजार गेले तरी ते चार हप्त्यांच्या आत बसतात.

आणि तेवढेही जातील असं वाटत नाही. तुमच्याच पत्राप्रमाणे शेवटची सर्व्हिसिंग गेल्याच्या गेल्या दिवाळीची. आधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. फक्त थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड होत असेल तर ऑइल कमी किंवा जुनं असणं, नाहीतर टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) आणि तिचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग), हे पहिले संशयित. सायलेन्सरवरचा पत्रा सैल झाला तरी आवाज असाच पत्र्यासारखा येतो, तो काही शेकड्यांत घट्ट होतो. पसरणी घाटात टॉप गिअरला चढताना टकटक होते का, तेही मेकॅनिकला सांगा, तो आजार वेगळा. खोल, जड ठोका असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल, तर मात्र गाडी जागेवर उभी करा. तिथे इंजिन उतरवण्याची भाषा योग्य आहे. तुमच्या वर्णनात तसं काही नाही. ऑइल-फिल्टर बदला, दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवा. चेनचं काम निघालंच तरी माझ्या अंदाजाने 20 हजारांच्या आत उरकेल. पुढच्या वर्षी गाडीला 15 वर्षं होतील, तेव्हा फेरनोंदणीचे 5 हजार आणि पर्यावरण कर धरून ठेवा.

गाडीचं एवढंच. मला घोर लागला तो तुम्ही सोबत जोडलेल्या पॉलिसीच्या कागदाचा.

वर्षाला 60 हजार, 20 वर्षं, शेवटी हमीचे 21 लाख, विमा 6 लाख. ‘कर्जासाठी ही घ्यावीच लागते’ असं बँकेत सांगितलं, म्हणता. अशी सक्ती कुठल्याही नियमात नाही. 12 लाख भरून 21 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. ‘कर वाचतो’ हेही आता खरं नाही: तुमचं कपातींआधीचं वार्षिक उत्पन्न साधारण साडेदहा लाख, आणि 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. विकणाऱ्याला कमिशन मिळालं, तुम्हाला काय मिळालं ते दिसतंच आहे.

तरीही ती आज मोडू नका. सहा हप्त्यांचे 3 लाख 60 हजार भरलेत, परत मिळणार निम्मे. तो तोटा झाला, तो सोडून पुढचं बघा. आजचे 1 लाख 80 हजार आत राहिले, आणखी 14 हप्ते भरले आणि 21 लाख आले, तर इथून पुढचा परतावा आठ टक्क्यांच्या आसपास पडतो. अशी हमी आज मुदत ठेवीत मिळत नाही. सुरुवातीला घ्यायला नको होती ती पॉलिसी आता ठेवण्यासारखी झाली आहे, आणि तुम्ही नेमकी आत्ता ती मोडायला निघालात!

खरा घोटाळा त्या 6 लाखांत आहे. गृहकर्ज 18 लाख बाकी, मुलगी दहावीत, पत्नीला नोकरी नाही, खात्यात 40 हजार, आणि नोव्हेंबर 2005 नंतर लागल्यामुळे जुनी पेन्शन नाही. उद्या तुम्ही नसलात तर विम्याचे 6 लाख जाऊन कर्जाचे 12 लाख उरतात. घर कशावर चालवायचं? एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) घ्या, साठीपर्यंतचा. शुगरची गोळी चालू आहे म्हणून वर्षाला 25 ते 35 हजार पडतील. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढी सूट.

जो 13 हजारांचा हप्ता ‘बसेल’ म्हणता, त्यातले तीन विम्याला, दहा आवर्ती ठेवीत. तीन वर्षांत 4 लाख होतात. त्यातले 2 अडीअडचणीला ठेवा, बाकीच्यांवर गाडीचा विचार करू.

वेतन आयोगाचा फरक मात्र हिशोबातून काढून टाका. सातवा आयोग लागू 1 जानेवारी 2016 पासून, राज्याने पगारात दिला 2019 मध्ये आणि थकबाकी पाच हप्त्यांत. तेव्हा तुम्ही नोकरीत होतात, सर. विसरलात?

टर्मचा अर्ज एजंटला भरायला देऊ नका, स्वतः भरा आणि शुगरच्या प्रश्नापुढे ‘हो’च लिहा. पहिल्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी तोच रकाना उघडून बघते.