'लाइन' जुनी झाली का?

प्रश्न लातूरहून आला आहे. आडत दुकानात पूर्वी तांब्याच्या तारेवरची लीज लाइन, म्हणजे फक्त त्या दुकानासाठी भाड्यानं राखून ठेवलेली इंटरनेटची जोडणी, होती. ती काढून आता फायबर आणि 5जी, दोन्ही घेतलं. मालक अजून 'लाइन गेली' म्हणतात. मुलाचं म्हणणं, तारच राहिली नाही तर 'लाइन' कसली, 'वायफाय गेलं' म्हणा. बरोबर कोण?

मालक. आधी 'वायफाय' निकालात काढू, कारण 'वायफायचं बिल भरलं का' हे दुकानादुकानांत ऐकून कान किटले आहेत. वायफाय म्हणजे राउटरपासून मोबाइलपर्यंतचा, दोन भिंतींत दमणारा रेडिओचा टप्पा. त्याचं बिल कुणी पाठवत नाही. बिल येतं ते दुकानापर्यंत इंटरनेट आणून देण्याचं. आणि हा शब्द 'वायरलेस फिडेलिटी'चा संक्षेप आहे असं छापणाऱ्यांनी तेही आता थांबवावं. 1999 मध्ये एका नाव घडवणाऱ्या कंपनीकडून करून घेतलेलं ते विक्रीचं नाव आहे, चांगल्या आवाजाच्या यंत्रांना म्हणतात त्या 'हाय-फाय'शी यमक जुळवलेलं. विस्तार मागून चिकटवला.

आता 'लाइन'. रांग, रेघ, रेल्वे, पोलीस लाइन हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी, कारण 'लिनुम' म्हणजे जवस. होय, आपलंच जवस, ज्याची चटणी ज्वारीच्या भाकरीवर पडते! आपल्याकडं ते बियांसाठी, तेलासाठी पेरतात, म्हणून झाड बुटकं आणि फांद्यांचं. युरोपात धाग्यासाठी उंच, सरळसोट वाण लावत. खोडाच्या सालीतून निघालेल्या त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. कपड्याला आतून लिनन लावत, म्हणून शिंप्याचं 'लायनिंग'. जवसाच्या तेलापासून होतं ते लिनोलियम. आणि दोरी ताणली की सरळ राहते, म्हणून 'लाइन' म्हणजे सरळ रेघ. आपल्या गवंड्यांनी तर 'लाइनदोरी' म्हणत दोरीलाच दोरी जोडली आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ परत जागेवर आणून ठेवला. याहून सुंदर जोडशब्द मला माहीत नाही.

म्हणजे लाइन मुळात तांब्याची नव्हतीच, धाग्याची होती. फायबर हा 125 मायक्रॉन जाडीचा काचेचा धागा. तार निघून फायबर आलं तेव्हा शब्द जुना झाला नाही, आपल्या घरी परतला. इथं 'लाइन'ऐवजी 'वाहिनी' सुचवणाऱ्या परिभाषाकारांशी माझं साफ भांडण आहे. जलवाहिनी, वीजवाहिनी शोभतात. पण टीव्हीच्या चॅनेलला तोच शब्द देऊन टाकल्यावर आडत्यानं 'वाहिनी बंद आहे' म्हटलं, तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? नेटवर्कला 'जाळं' म्हणणंही मला पटत नाही. जाळ्यात माणूस अडकतो, त्यातून व्यापार चालत नाही.

राहिला 5जी. भारतात तो 1 ऑक्टोबर 2022 पासून आहे आणि त्याला दुकानापर्यंत धागा नाही, एवढा मुलाचा मुद्दा खरा. पण आता धंद्याची जोडणी एकाच धाग्यावर राहतेच असं नाही. लीज लाइनमध्ये पैसे मोजायचे ते राखीव, जाता-येता सारख्या वेगाचे आणि दुरुस्तीच्या लेखी हमीचे. नव्या एसडी-वॅन पद्धतीत फायबर, 5जी, जुनी लीज लाइन असे सगळे मार्ग एकत्र बांधतात. कुठला मार्ग अडखळतोय, कुठं माहिती पोहोचण्याआधी वाटेतच हरवतेय, यावर सॉफ्टवेअर लक्ष ठेवतं. बिलिंग आणि पैशांचे व्यवहार चांगल्या मार्गानं, कॅमेऱ्याचं चित्रण स्वस्त मार्गानं पाठवतं. याला मराठीत शब्द हवा, तर दोर वळणाऱ्यांकडं तो तयार आहे: पेड. दोन पेडी लाइन, तीन पेडी लाइन. एक पेड तुटला तरी दोर धरून राहतो, नेमकं हेच या पद्धतीत होतं. 'मल्टी-लिंक कनेक्टिव्हिटी' म्हणत जीभ वळवण्यापेक्षा 'तीन पेडी' म्हणा, शेतातल्या गड्यालाही कळेल.

तेव्हा मालकांनी 'लाइन गेली' खुशाल म्हणावं. तक्रार करताना मात्र कुठला पेड गेला ते सांगावं. आणि नवीन जोडणी घेतानाच एक विचारून ठेवावं: जवळच्या 5जी टॉवरला येणारं फायबर आणि दुकानाचं फायबर एकाच रस्त्याच्या कडेनं येतं का? तसं असेल, तर रस्ता रुंद करणारा जेसीबी दोन्ही पेड एकाच खोऱ्यात तोडतो.